तिकीट घेण्याआधी

प्रिय वकीलबाई,

नगरपालिकेचं तिकीट मिळतंय, घेऊ का, आणि घेतलं तर प्रॅक्टिसचं काय करू, असं तू विचारलंस. फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तू दर दोन वाक्यांनी 'पण सर' म्हणतेस आणि माझा मुद्दा अर्धा राहतो. म्हणून बसून लिहितोय.

वकिलीतून राजकारणात गेलेल्यांची नावं काढायची म्हटली की आपण थेट गांधी-आंबेडकरांपाशी जाऊन पोचतो. त्यांना नमस्कार करावा. पण दिवाणी कोर्टात तारखा घेणाऱ्या तुझ्या-माझ्यासारख्यांनी त्यांच्यातलं नेमकं उचलायचं काय, हे कळणं अवघड. म्हणून मी तुला भूमध्य समुद्रातल्या सायप्रस बेटावरच्या ग्लाफ्कोस क्लेरिडिसबद्दल सांगतो. चुकलेला, पडलेला, परत उभा राहिलेला आणि शेवटपर्यंत वकिलासारखाच वागलेला माणूस.

तो अगदीच परका वाटू नये म्हणून आधी एक गोष्ट. त्याची बायको लीला एरुलकर. आडनावावरून ओळखलं असशील. आपल्या कोकणपट्टीतले बेने इस्राएल, घरात मराठी बोलणारे ज्यू, त्यांच्यातलं हे मुंबईचं घराणं. लीलाचे वडील डॉ. अब्राहम एरुलकर गांधीजींचे डॉक्टर आणि स्नेही. याच घराण्यातले बॅरिस्टर डेव्हिड एरुलकर टिळकांच्या राजद्रोहाच्या खटल्यात बचावाच्या बाजूला होते. लीला बीबीसीत काम करायची, क्लेरिडिस लंडनला कायदा शिकत होता, तिथेच त्यांचं लग्न झालं. आणि १९९३ ते २००३ अशी दहा वर्षं एरुलकरांची ही लेक सायप्रसच्या राष्ट्राध्यक्षांची पत्नी होती. आपल्याकडे हे फारसं कुणाला माहीत नाही, याचं मला कायम नवल वाटतं.

तर क्लेरिडिस. जन्म १९१९, राजधानी निकोसियाचा. वडील नामांकित वकील. दुसऱ्या महायुद्धात तो ब्रिटिश हवाई दलात गेला, १९४२ साली त्याचं विमान जर्मनीवर पाडलं गेलं आणि उरलेलं युद्ध त्याने कैदेत काढलं. नंतर लंडनच्या किंग्ज कॉलेजातून पदवी, मग बॅरिस्टरी, आणि १९५१ च्या सुमारास घरी परत येऊन प्रॅक्टिस. सायप्रस तेव्हा ब्रिटिशांची वसाहत. रत्नागिरी जिल्ह्याहून थोडं मोठं बेट. बहुसंख्य ग्रीक, पाचातला जेमतेम एक तुर्क. १९५५ मध्ये ग्रीकांच्या 'इओका' संघटनेने इंग्रजांविरुद्ध हत्यार उचललं. ज्यांच्या विमानात बसून हा लढला होता, त्यांनीच पकडलेल्या पोरांचे वकालतनामे याने घेतले. कोठडीतल्या छळाच्या तक्रारी एकेक करून कागदावर आणल्या. स्वतःही तो आतून संघटनेतच होता, टोपणनाव घेऊन.

आता इथे लक्ष दे. त्याच काळात तिथल्या सरकारी वकिलांच्या कार्यालयात राऊफ डेन्कटाश नावाचा एक तरुण तुर्क वकील होता. हाही लंडनहून बॅरिस्टर होऊन आलेला. एकाने बचाव करायचा, दुसऱ्याने सरकारतर्फे उभं राहायचं. उलटतपासणीत एकमेकांचे साक्षीदार सोलायचे आणि बाहेर आल्यावर एकमेकांना नावाने हाक मारायची. हे आपल्याला नवं नाही. बाररूममध्ये रोजच चालतं. पण पक्षकाराला ते बघवत नाही. 'आमचा वकील त्यांच्या वकिलाबरोबर चहा पीत होता,' ही तक्रार तू माझ्या ऑफिसात स्वतः ऐकली आहेस.

पुढची जवळजवळ पन्नास वर्षं ही दोन माणसं समोरासमोर बसली. १९५९-६० मध्ये स्वतंत्र सायप्रसची राज्यघटना लिहायला दोन्ही बाजूंचे प्रतिनिधी बसले, तेव्हा ग्रीकांकडून क्लेरिडिस, तुर्कांकडून डेन्कटाश. राष्ट्राध्यक्ष ग्रीक, उपराष्ट्राध्यक्ष तुर्क, दोघांनाही नकाराधिकार. नोकऱ्या ७० ला ३०, सैन्यात ६० ला ४०. कागदावर इतकं काटेकोर मोजमाप केलं की कारभार चालायला जागाच उरली नाही. पहिल्या निवडणुकीत तर आणखी गंमत. आर्चबिशप मकारिओस यांच्याविरुद्ध उभे राहिले क्लेरिडिसचे वडील, आणि मुलाने पाठिंबा दिला मकारिओसना. वडील हरले. घरात त्या रात्री जेवणं कशी झाली असतील कुणास ठाऊक.

१९६३ च्या डिसेंबरात घटनेवरूनच पेटलं, माणसं मेली, निकोसियाच्या नकाशावर एका इंग्रज जनरलने हिरव्या पेन्सिलीने रेघ ओढली. ती रेघ आजही आहे. १९६८ पासून वाटाघाटी सुरू झाल्या आणि दोन्ही बाजूंना पुन्हा तेच दोन वकील. संसदेचा सभापती क्लेरिडिस एकीकडे, डेन्कटाश दुसरीकडे, सहा वर्षं. एका टप्प्यावर तडजोड हाताशी आली होती आणि ती घालवण्यात आपल्या बाजूचाही वाटा होता, असं क्लेरिडिसने पुढे आपल्या आठवणींत लिहून ठेवलं. चार खंड आहेत. आपल्याकडच्या नेत्यांची आत्मचरित्रं वाचलीस की या वाक्याची किंमत कळेल.

तुला हे सगळं का सांगतोय? तू माझ्याकडे आलीस तेव्हा मी एक पाहिलं होतं. नवी फाइल आली की तू वादीचा दावा बाजूला ठेवून आधी प्रतिवादीची कैफियत वाचायचीस. ही सवय शिकवून येत नाही. कोर्टात तिचे पैसे मिळतात. राजकारणात तिच्यासाठी दंड भरावा लागतो, आणि तो भरायची तयारी आहे का, एवढाच माझा प्रश्न आहे. बाकी भाषण जमेल का, खर्च झेपेल का, लोक काय म्हणतील, हे प्रश्न तुझ्या सासूबाई विचारतीलच.

आणखी एक फरक आहे. आपल्याकडे दोन्ही वकील कितीही भांडले तरी वर कुणीतरी बसलेलं असतं. युक्तिवाद संपला की निकाल तो देतो. राजकारणात ती खुर्ची रिकामी असते, नाहीतर तिच्यावर समोरचाच बसलेला असतो. जिनिव्हाची रात्र वाच, म्हणजे कळेल.

१५ जुलै १९७४ ला ग्रीसमधल्या लष्करशहांनी सायप्रसमध्ये राष्ट्राध्यक्ष मकारिओसना उलथवलं. पाच दिवसांत तुर्कस्तानचं सैन्य उतरलं. २३ जुलैला बंडवाल्यांनी बसवलेला माणूस पायउतार झाला आणि घटनेप्रमाणे सभापती म्हणून क्लेरिडिस हंगामी राष्ट्राध्यक्ष झाला. ऑगस्टमध्ये जिनिव्हात बोलणी. तुर्की परराष्ट्रमंत्री तुरान ग्युनेश यांनी बेटाचा साधारण तिसरा हिस्सा मागितला आणि उत्तर ताबडतोब हवं म्हणाले. क्लेरिडिसने काय मागितलं? तारीख. ३६ ते ४८ तास द्या, मला निकोसियाला आणि अथेन्सला विचारून येऊ द्या. कुठल्याही न्यायाधीशाने हा अर्ज मंजूर केला असता. ग्युनेश यांनी नाकारला. फोनवर अंकाराला निरोप गेला की 'आयशे सुटीवर जाऊ दे'. आयशे म्हणजे त्यांची मुलगी, आणि वाक्य होतं सैन्य पुढे सरकवण्याची खूण. १४ ऑगस्टच्या पहाटे बोलणी मोडली आणि काही तासांतच रणगाडे निघाले. बेटाचा ३६-३७ टक्के भाग गेला, दीड लाखाहून जास्त ग्रीक घरदार सोडून दक्षिणेला आले, पुढे तुर्क उत्तरेला गेले.

तुझ्या नगरपालिकेत रणगाडे येणार नाहीत. पण सभेच्या आदल्या रात्री अकराला फोन येईल, 'ठरावावर उद्या हात वर करायचा, वाचायची गरज नाही.' तू वेळ मागशील. मिळणार नाही. तेव्हा चिडून उपयोग नाही. कोणाची ताकद किती आणि तो थांबेल का, याचा अंदाज आदल्या आठवड्यातच हवा. कागद आपल्या बाजूने असणं आणि निकाल आपल्या बाजूने लागणं यांचा राजकारणात फार संबंध नसतो.

आता त्याची चूक सांगतो, कारण ती तुझ्याकडून व्हायची भीती मला सगळ्यात जास्त आहे. १९७६ मध्ये वाटाघाटी पुन्हा सुरू असताना क्लेरिडिसने डेन्कटाशशी खासगीत ठरवलं की ग्रीक बाजूचे प्रस्ताव त्याला आधी पोचते करायचे. गाडं पुढे सरकावं हा हेतू. पण हे आपल्याच लोकांना सांगितलं नाही. बाहेर फुटलं आणि वाटाघाटींतून, सभापतिपदावरून जावं लागलं. दोन वकिलांनी चेंबरमध्ये बसून तडजोडीचा मसुदा आधी आपसांत फिरवणं, हे आपण करतोच. पण तडजोड पुरशिसवर, म्हणजे कोर्टात द्यायच्या लेखी तडजोडीवर, सही अशिलाची लागते. त्याला अंधारात ठेवून केलेली तडजोड कितीही चांगली असली तरी तो उद्या म्हणणार, वकील फितूर होता. समोरच्याशी जे बोलशील ते घरी येऊन सांग. वॉर्डातल्या माणसांना, पक्षातल्यांना, सगळ्यांना. शिव्या बसतील, पण त्या तोंडावर बसतील.

पद गेल्यावर त्याने त्याच वर्षी स्वतःचा पक्ष काढला. पहिल्याच निवडणुकीत चार मतांमागे साधारण एक मत मिळालं आणि जागा? शून्य. निवडणूक पद्धतच तशी होती. १९८३ ला राष्ट्राध्यक्षपदासाठी हरला, १९८८ ला हरला. १९९३ ला ५०.३ टक्क्यांवर निसटता निवडून आला, तेव्हा वय ७३.

त्याला संत करून डोक्यावर घेऊ नकोस. त्याच्या पक्षात सुरुवातीला अशीही मंडळी आली जी १९७४ च्या बंडवाल्यांच्या बाजूची होती. त्याने दार उघडं ठेवलं, मतं घेतली. १९९३ ची निवडणूक त्याने संयुक्त राष्ट्रांच्या तोडग्यावरून आधीच्या राष्ट्राध्यक्षांना, व्हासिलिऊ यांना, झोडपून जिंकली. आयुष्यभर तडजोडीचा वकील म्हणवणाऱ्याने! १९९७ च्या सुरुवातीला रशियाकडून एस-३०० क्षेपणास्त्रं घ्यायचा करार जाहीर केला, १९९८ ची निवडणूक त्या वातावरणात काढली आणि वर्षअखेर ती क्षेपणास्त्रं सायप्रसला न आणता क्रीट बेटावर पाठवायचं ठरवलं. माझ्या मते माघार शहाणपणाची होती आणि घोषणा निव्वळ निवडणुकीची. ज्या गोष्टीवरून मागे यावं लागणार हे आपल्याला आधीच दिसतंय, ती जाहीरनाम्यात घालू नये. 'घरपट्टी निम्मी करू' असं तुझ्या पत्रकात छापायचा आग्रह होईल. मुख्याधिकाऱ्यांच्या टेबलावरचा अर्थसंकल्प आधी बघ.

पण ज्या व्हासिलिऊंना त्याने पाडलं, त्यांनाच १९९८ मध्ये बोलावून युरोपीय संघाशी बोलणी करायला मुख्य वाटाघाटीकार नेमलं. माणूस कामाचा आहे, हिशेबात पक्का आहे, बस. पुढे १ मे २००४ ला सायप्रस युरोपीय संघात गेला त्यात त्या कामाचा मोठा वाटा. हरवलेल्या उमेदवाराला पाणीपुरवठा समितीत घेण्याइतकं मन तुझ्याकडे असेल, तर तुला माझ्या पत्राची गरज नाही.

आणि ते दोन वकील? डिसेंबर २००१. क्लेरिडिस ८२ वर्षांचा, डेन्कटाश ७७. क्लेरिडिस ती हिरवी रेघ ओलांडून उत्तरेत डेन्कटाशच्या घरी जेवायला गेला. १९७४ नंतर ग्रीक बाजूचा नेता पहिल्यांदाच तिकडे जात होता. महिना संपायच्या आत डेन्कटाश इकडे जेवायला आला. जानेवारीत बोलणी सुरू. त्यातून प्रश्न सुटला नाही, हेही सांगतो. २००३ मध्ये बोलणी पुरी करायला फक्त १६ महिने द्या म्हणून क्लेरिडिस पुन्हा उभा राहिला. त्याच्याच सरकारचा महाधिवक्ता त्याच्याविरुद्ध उभा राहिला. निवडून आले टासोस पापाडोपुलोस. तेही किंग्ज कॉलेजचे, तेही बॅरिस्टर. इतके वकील असताना बेटाचा तंटा मिटत नाही, असं कुणी म्हटलं तर आपण गप्प बसावं हे बरं.

२००४ मध्ये बेट पुन्हा एकत्र करायच्या संयुक्त राष्ट्रांच्या योजनेवर दोन्ही बाजूंना सार्वमत झालं. आपले लोक नाही म्हणणार हे उघड दिसत होतं. क्लेरिडिसने 'हो' म्हणा असं सांगितलं. त्याच्या पक्षातून माणसं बाहेर पडली. मतदानाचा दिवस २४ एप्रिल, नेमका त्याचा पंच्याऐंशीवा वाढदिवस. तुर्कांनी ६५ टक्के होकार दिला, ग्रीकांनी ७६ टक्के नकार. तो २०१३ मध्ये गेला. शासकीय इतमामात अंत्यसंस्कार झाले. 'नाही' म्हणणारे त्या गर्दीतही असणारच.

तेव्हा माझं मत असं: तिकीट घे. पण वॉर्डातला तुझा विरोधक कोण हे ठरल्यावर पहिल्या आठवड्यात त्याच्या घरी जा, दिवसाउजेडी, सगळ्यांना दिसेल असं, आणि परत येऊन काय बोललीस ते तुझ्या कार्यकर्त्यांना सांग. ते नाराज झाले तर आत्ताच झालेले बरे.

प्रॅक्टिस सोडू नकोस, कमी कर. नगरपालिका ज्यात पक्षकार आहे त्या सगळ्या फाइली अर्ज भरायच्या आधी दुसऱ्याकडे दे. नुसतं ना-हरकत पत्र देऊन मोकळी होऊ नकोस. प्रत्येक अशिलाला समोर बसवून सांग आणि घेतलेल्या फीचा हिशेब कर. वाटण्यांचे दावे माझ्याकडे पाठव. त्या कदमांच्या दाव्यात मात्र उलटतपासणी तूच घ्यायची, साक्षीदार तुझ्या तयारीचा आहे. तारीख बहुधा छाननीच्या आठवड्यातच येईल. बोर्ड बघून मला कळव, लागली तर पुढची मागून घेऊ.

तुझा,
सर