बाळंतपणाच्या जागृतीसाठी पथनाट्य की भिंतचित्रं?

गरोदर बायका आणि नव्या बाळाच्या काळजीबद्दल गावात जागृती करायची आहे, तर पथनाट्य बसवावं की भिंती रंगवाव्यात, असं तुम्ही विचारलंय. मी अमळनेरकडे बायकांच्या गटासोबत हेच काम करते. मला विचाराल तर आधी गाणं.

रंगवलेल्या भिंतीचा फोटो झकास येतो, पण घरात जिचं चालतं ती सासू तिथे वाचत उभी राहत नाही. पथनाट्याला पुढे बसतात पोरंटोरं आणि पुरुष. ओली बाळंतीण चौकात येतेय कशाला! त्यापेक्षा भुलाबाई बघा. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत मुली घरोघर गाणी म्हणतात आणि ऐकायला आजी असतेच. त्याच चालीवर आम्ही अहिराणीत सासू-सुनेचं गाणं रचलं. सासू मधाचं बोट पुढे करते, सून म्हणते, "मध कसाले वं माय? मी चीकच पाजसू." (मध कशाला, मी पहिलं घट्ट दूधच पाजेन.) इथे हमखास हशा पिकतो आणि एखादी आजी भांडायलाच उठते, "आम्ही नाही का पोरं वाढवली?" गाणं तिथेच थांबवायचं आणि आशाताईला बोलू द्यायचं. जन्मल्यावर तासाभरात अंगावर पाजायचं, सहा महिने वरचं पाणीही नाही, पहिल्या दिवशी आंघोळ नाही. सगळं एकाच गाण्यात कोंबू नका, कुणाच्याच लक्षात राहत नाही.

अंगावरून रक्त जाणं, तोंडाला सूज, डोळ्यांपुढे अंधारी, झटके, यातलं काहीही दिसलं की थेट १०८, हे गाणं डोहाळजेवणासाठी ठेवा. तिथे माहेर-सासर दोन्हीकडच्या बायका एकत्र सापडतात.

रंगाची हौस असेलच तर बाळंतिणीच्या दाराशी गेरूचे सहा गोल काढा. दवाखान्यात बाळंतपण झालं की आशाताईने ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी घरी यायचं असतं (घरी झालं तर पहिल्या दिवशीही, म्हणजे सात गोल). ती आली की एक गोल भरायचा. कोरा राहिला तर आजीच फोन लावायला सांगते.

नंदुरबार जिल्ह्यात धडगाव-अक्कलकुव्याकडे जाणार असाल तर मात्र अहिराणीही कामाची नाही, तिथे भिली नाहीतर पावरी हवी. दिवाळीनंतर बरीच घरं ऊसतोडीला गुजरातेत जातात, म्हणून आधीच जा. गाणं तिथल्याच बाईकडून रचून घ्या आणि तिला मानधन द्या, नुसत्या चहावर बोळवण करू नका.