मोलॅसेस: काकवी की मळी?

अमेरिकन कलाकार कारा वॉकर यांच्या साखरेच्या शिल्पावर लिहिताना ‘मोलॅसेस’ला काकवी म्हणावे की मळी, असा प्रश्न आला आहे. माझ्या मते मळीच.

काकवी गुऱ्हाळातली. रस आटत आला आणि गूळ धरायच्या आत उतरवला की ती काकवी. तिची साखर तिच्यातच असते, म्हणून तर ती भाकरीशी खाता येते. मळीतून साखर काढून घेतलेली असते. दाणे वेगळे झाल्यावर मागे उरतो तो काळपट, चिकट पाक म्हणजे मळी. (गुऱ्हाळात रसावर येणाऱ्या मळकट फेसालाही मळीच म्हणतात. म्हणून पहिल्या उल्लेखात ‘साखरेची मळी’ लिहावे.)

वॉकर यांचे काम नेमके या फरकावर उभे आहे. २०१४ साली ब्रुकलिनमधल्या डॉमिनोच्या बंद पडलेल्या साखर कारखान्यात त्यांनी सुमारे ७५ फूट लांबीची स्फिंक्स (सिंहाचे धड, माणसाचे तोंड) उभारली. चेहरा कृष्णवर्णीय बाईचा, डोक्याला मोलकरणीसारखा रुमाल, अंगभर पांढरीशुभ्र साखर. तिच्यापुढे टोपल्या घेतलेली काळपट पोरे: काही साखरेच्या पाकाची ओतलेली, काही रेझिनची, वरून मळी माखलेली. उन्हाळ्यात पाकाची पोरे वितळली, मोडली. त्यांचे तुकडे इतरांच्या टोपल्यांत ठेवले गेले. कारखान्याच्या भिंतींवरही जुनी मळी चिकटलेली होतीच. शिल्पाच्या लांबलचक नावात उसाच्या शेतांपासून स्वयंपाकघरांपर्यंत बिनमजुरी राबलेल्या कारागिरांना मानवंदना आहे.

इतिहासही मळीच्याच बाजूने बोलतो. कॅरिबियन बेटांवर गुलाम ऊस तोडायचे, गाळायचे, रस उकळायचे. कच्ची साखर तळाला भोक असलेल्या मातीच्या शंकूंत भरली, की मळी थेंबथेंब खाली झिरपायची. ती पिंपांतून अमेरिकेतल्या न्यू इंग्लंडला जाई, तिथे तिची रम होई, आणि तीच रम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर देऊन आणखी माणसे विकत घेतली जात. ही मळी इतकी महत्त्वाची होती की ब्रिटिश संसदेने १७३३ साली परक्या वसाहतींतून येणाऱ्या मळीवर गॅलनमागे सहा पेन्स कर बसवला.

इथे ‘काकवी’ लिहिले की दशमी आणि आजोळ आठवते. त्या पोरांच्या अंगावरचा लेप असा गोडगोड करणे मला सहन होत नाही. आपल्याकडेही मळीपासून मद्यार्क काढतात, तेव्हा रमच्या संदर्भात हा शब्द कोणालाही अडणार नाही. ‘मळीने माखलेली मुले’ असे सरळ लिहावे.