पगार 40 टक्के जास्त, शिल्लक मात्र कमी

नमस्कार,

वाचकांसाठी तुमचा प्रश्न आधी थोडक्यात सांगते. तुम्हाला एका बऱ्याच मोठ्या शहरातून नोकरी आली आहे, पगार सध्यापेक्षा 40 टक्के जास्त. एका संकेतस्थळावर पाहिलंत, तर तिथला राहणीखर्च इथल्यापेक्षा 20 टक्केच जास्त दिसला. त्यामुळे हप्ते चालू असलेलं सध्याचं घर विकायचं आणि तिथे लगेच नवं घ्यायचं, असं घरात जवळजवळ ठरलंय. यजमानांना नोकरी सोडावी लागेल. तिथे सहा महिन्यांत दुसरी मिळेल, अशी आशा आहे.

माझं मत सुरुवातीलाच सांगते: नोकरीबद्दल अजून बोलणी करा, आणि घर मात्र आत्ता विकू नका.

तुमचे आकडे मी 100 च्या हिशेबात बसवले. दोघांचे मिळून हातात 100 येतात, त्यात तुमचे 60 आणि यजमानांचे 40. घराचा हप्ता 25, घरखर्च आणि मुलाची शाळा 35, प्रवास 5. शिल्लक 35. ही शिल्लक उत्तम आहे, आणि ती तुम्ही दोघांनी कष्टाने राखलेली आहे, म्हणूनच मला तिची काळजी वाटते.

40 टक्के वाढ आहे ती फक्त तुमच्या पगारावर. तुमचे 60 चे 84 होतील. यजमानांना तिथे आत्ताइतकाच पगार मिळाला, तरी दोघांचे 124 होतील. म्हणजे घरात येणारा पैसा 24 टक्क्यांनीच वाढला. आणि यजमानांना नोकरी मिळेपर्यंत 84 च.

आता त्या 20 टक्क्यांकडे येऊ. नंबिओसारख्या संकेतस्थळांवरचा राहणीखर्चाचा मूळ निर्देशांक घरभाडं धरतच नाही. भाड्याचा निर्देशांक वेगळा असतो, दोन्ही एकत्र धरलेला आणखी वेगळा. मोठ्या शहरांमधला खरा फरक भाज्या-किराण्यात कमी आणि घरात जास्त असतो, आणि नेमका तोच तुमच्या हिशेबातून सुटला. तुम्ही पाहिलेल्या जाहिरातींप्रमाणे आत्ताच्या घराएवढं घर, कार्यालयापासून पाऊण तासाच्या आत, 42 ला पडतं. घरखर्च 20 टक्क्यांनी वाढून 42, प्रवास 8. झाले 92. शिवाय जुन्या घराचा हप्ता 25 चालूच. ते भाड्याने दिलंत तर कर आणि देखभाल वजा जाता 15 मिळतील असं धरलं आहे.

म्हणजे एकट्या तुमच्या पगारात येणार 99, जाणार 117. दरमहा 18 ची तूट. सहा महिन्यांत ती 108 होते, म्हणजे तुमच्या आजच्या एका संपूर्ण महिन्याच्या उत्पन्नापेक्षा जास्त. त्यात अनामत, दलाली, सामान हलवणं धरलेलंच नाही. यजमानांची नोकरी लागल्यावर शिल्लक 22. आज ती 35 आहे.

लांब राहून भाडं वाचवायचा विचारही तुम्ही लिहिलाय. भाडं 30 वर येईल, पण प्रवास 15 वर जाईल. वाचले 5, आणि त्यासाठी रोजचे दोन तास जास्तीचे. मुलगा लहान असताना हा सौदा मला मुळीच पटत नाही.

घरावर उत्पन्नाच्या 30 टक्क्यांपर्यंत खर्च चालतो, हा नियम सगळीकडे ऐकू येतो. तो आला अमेरिकेतल्या सरकारी घरांच्या भाड्यावरून. तिथे 1969 मध्ये ही मर्यादा 25 टक्के ठरली आणि 1981 मध्ये 30 झाली. मोठ्या शहरात स्थायिक होणाऱ्या कुटुंबाला तो अपुरा पडतो, कारण प्रवास त्यात नाही. शिकागोच्या सेंटर फॉर नेबरहूड टेक्नॉलॉजी या संस्थेने घर आणि प्रवास मिळून 45 टक्क्यांची मर्यादा धरली आहे, ती मला जास्त उपयोगी वाटते. तुमचं नवं भाडं आणि प्रवास मिळून 50. दोघांच्या पगारात ते 40 टक्के, म्हणजे बसतं. एकट्या तुमच्या पगारात 60 टक्के. थोडक्यात, हे शहर तुम्हाला दोन पगारांवरच परवडतं.

घर घेण्याबद्दल. शहरं ताडून पाहायला एक सोपं माप आहे: घराची मधली किंमत भागिले कुटुंबाचं मधलं वार्षिक उत्पन्न. डेमोग्राफियाच्या, शहरांमधली घरं किती परवडतात हे मोजणाऱ्या अहवालात 3 किंवा त्याखाली आलं तर घरं परवडणारी मानतात. 2025 च्या अहवालात हाँगकाँग 14.4 वर, सिडनी 13.8 वर होतं, तर अमेरिकेतलं पिट्सबर्ग 3.2 वर. पण हा आकडा विकत घेण्याबद्दल बोलतो, राहण्याबद्दल नाही. व्हिएन्नात सुमारे निम्मे लोक महापालिकेच्या किंवा अनुदानित घरांत राहतात. तिथे घर न घेताही माणूस निर्धास्त असतो. उलट सिंगापूरमध्ये एप्रिल 2023 पासून बहुतेक परदेशी खरेदीदारांना घरावर 60 टक्के जादा मुद्रांक शुल्क द्यावं लागतं. म्हणून नव्या शहरात आधी भाडेकरूला किती संरक्षण आहे आणि बाहेरून आलेल्याला खरेदीचे कोणते नियम लागू होतात, ते पाहा. कर्जाचा व्याजदरही तपासा. अमेरिकेत तो 30 वर्षं स्थिर मिळू शकतो, ब्रिटनमध्ये बहुधा दोन किंवा पाच वर्षांपुरता.

आत्ता विकून लगेच घेतलंत तर दलाली, शुल्कं, नोंदणी दोन्हीकडे जातील. कर्जाची पात्रता एकाच पगारावर ठरेल, तीही परिवीक्षा काळात. आणि परत यावंसं वाटलं तर यायला घर नसेल. किमान एक वर्ष भाड्याने राहा. मुलाची शाळा आणि यजमानांचं कार्यालय कुठल्या भागात येतं ते कळल्याशिवाय त्या शहरात योग्य घर कुठलं, हे कुणीच सांगू शकत नाही.

आजची 35 ची शिल्लक राखायची तर तुमचा पगार 97 हवा, म्हणजे वाढ 62 टक्क्यांच्या आसपास. तेवढी कुणी देणार नाही, मला कल्पना आहे. पण सहा महिन्यांचं घरभाडं, सामानाचा खर्च आणि आठवड्यातले दोन दिवस घरून काम, एवढं मागता येतं. सहा महिन्यांचं भाडं कंपनीने उचललं तर तुमची दरमहा 18 ची तूट जाऊन 24 शिल्लक राहते, आणि मग यजमानांना मिळेल ती पहिली नोकरी पत्करावी लागत नाही. हे लेखी मिळालं तर जा. नाही मिळालं, तर यजमानांच्या हातात नोकरीचं पत्र येईपर्यंत रुजू होण्याची तारीख पुढे मागून घ्या.