गोळी रात्री अकराची, झोप पहाटे तीनची

एचआयव्हीसह जगणाऱ्यांसाठीच्या या सदरात मागच्या वेळी ‘गोळ्या नियमित घ्या, झोप पुरेशी घ्या’ असं वाक्य मी सहज लिहून गेले. त्यातल्या दुसऱ्या अर्ध्या वाक्यावर बरीच पत्रं आली. एका ताईंनी तर विचारलं, ‘मॅडम, झोप काय मेडिकलमध्ये मिळते का?’ त्यांचं बरोबर आहे. वेगवेगळ्या देशांतले अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा एचआयव्हीसह जगणाऱ्या निम्म्याहून जास्त लोकांनी झोपेची तक्रार सांगितली होती. एआरटी सेंटरवर, म्हणजे एचआयव्हीची औषधं मिळतात तिथे, मात्र ही तक्रार कुणी आपणहून काढत नाही आणि खरं सांगायचं तर आम्हीही विचारत नाही. रांग मोठी असते. वजन, प्रतिकारशक्तीच्या सीडी-४ पेशी, व्हायरल लोड (रक्तातल्या विषाणूचं प्रमाण), गोळ्या मोजणं, पुढची तारीख, की झालं. म्हणून आज फक्त झोपेचीच पत्रं घेते. ओळख पटेल असं सगळं काढून टाकलं आहे. आधी पत्र, त्याखाली माझं उत्तर.

दहा दिवसांपूर्वी रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. वय २६. घरी कुणालाच सांगितलेलं नाही. रात्रभर छताकडे बघत पडतो. कधी कधी वाटतं, सगळं संपवून टाकावं.

तुमचं पत्र सगळ्यांत आधी घेतलं, ते शेवटच्या वाक्यामुळे. आजच १४४१६ वर फोन करा. ही सरकारची टेलि-मानस सेवा आहे, चोवीस तास चालते, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. नाव सांगायची गरज नाही. तो विचार जोर धरायला लागला तर एकटे राहू नका. विश्वासाच्या एका माणसाला जवळ बोलवा किंवा सरळ जवळच्या सरकारी दवाखान्याच्या अपघात विभागात जा. आजाराचं नाव न सांगता ‘मला एकट्याला सोडू नका’ एवढं सांगितलं तरी चालतं.

आता रिपोर्टबद्दल. गोळ्या वेळेवर सुरू झाल्या आणि चुकल्या नाहीत, तर तुमच्या वयाचा माणूस जवळपास इतरांइतकंच आयुष्य जगतो. व्हायरल लोड दबलेला राहिला की लैंगिक संबंधांतूनही विषाणू जोडीदाराकडे जात नाही. लग्न होतं, मुलं होतात. पूर्वी पेशी किती आहेत ते पाहून औषध सुरू करायचं की नाही ते ठरायचं, आता तसं थांबत नाहीत. तुमची संमती नसताना रिपोर्ट कुणाला सांगायला २०१७च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानं सहसा मनाई आहे, त्यामुळे सेंटरवरच्या काउन्सेलरशी मोकळेपणानं बोला. ही माणसं दिवसभर हेच ऐकत असतात, त्यांना नवल वाटत नाही. गोळी सुरू करायच्या आधी मनाची ही अवस्था डॉक्टरांना जरूर सांगा. काहींना सुरुवातीला गोळीमुळेच झोपेला आणि मनाला त्रास होतो, आणि तुमच्यावर जरा जास्त लक्ष ठेवायला हवं.

एवढ्या मोठ्या धक्क्यानंतर काही रात्री झोप उडणं स्वाभाविक आहे. दोन-तीन आठवडे झाले, जेवण जात नाही, कशातच मन लागत नाही, असं झालं तर ते नैराश्य असू शकतं आणि त्यावर उपचार आहेत. आणखी एक सांगते. रात्री दोन वाजता मोबाइलवर ‘एचआयव्ही’ शोधू नका. तिथे वीस वर्षांपूर्वीची भीती अजून विकायला ठेवलेली असते.

मी ३४ वर्षांची, सातारा जिल्ह्यातली. मिस्टरांना माहीत आहे, सासूबाईंना नाही. सगळे झोपले की अकराला गोळी घेते. डबी वाजू नये म्हणून आत कापूस भरलाय. पूर्वी रात्रीचीच गोळी घ्या असं सांगायचे. आता गोळी बदलली, पण तीन वाजेपर्यंत डोळ्याला डोळा लागत नाही.

ताई, तुमचं उत्तर बहुतेक त्या ‘पूर्वी’मध्ये आहे. तुमची आधीची गोळी टीएलई, म्हणजे तीन औषधांची मिळून एक गोळी, असणार. तिच्यातल्या एफाविरेन्झनं गरगरायचं, गुंगी यायची, चित्रविचित्र स्वप्नं पडायची. कुणाला साप दिसत, कुणाला गेलेली माणसं. गुंगी झोपेत निघून जावी म्हणून आम्हीच कानीकपाळी ओरडून सांगायचो, ‘झोपतानाच घ्या.’ २०२० नंतर हळूहळू सगळ्यांना टीएलडी मिळू लागली. तिच्यात एफाविरेन्झच्या जागी डोलुटेग्रावीर आहे. औषध उत्तम, पण काहींची झोप ते उडवतं. गोळी बदलली, वेळ मात्र जुनीच राहिली, आणि ती वेळ बदला असं रांगेच्या गडबडीत कुणी सांगितलं नाही. ती चूक आमची.

टीएलडी सकाळी घेतलेली चालते, जेवणाआधी किंवा जेवणानंतर कधीही. बदल करताना मध्ये एकही दिवस रिकामा जाऊ द्यायचा नाही. रात्री अकराला घेतलीत, तर पुढची दुसऱ्या रात्रीची वाट न बघता लगेच दुसऱ्या दिवशी सकाळी घ्यायची. एकदाच दोन गोळ्यांमधलं अंतर कमी झालं, तर त्यानं काही बिघडत नाही. तरी सुरू करण्याआधी सेंटरवर फोन करून सांगा, म्हणजे तुमच्या पुस्तकात नोंद होईल. रक्तवाढीची किंवा कॅल्शियमची गोळी सकाळी घेत असाल, तर टीएलडी तिच्या दोन तास आधी किंवा सहा तासांनंतर घ्या. एकत्रच घ्यायची असेल तर भरल्या पोटी, जेवणासोबत. पित्तावरच्या ॲल्युमिनियम-मॅग्नेशियम असलेल्या अँटासिडलाही तेच दोन आणि सहा तासांचं अंतर ठेवा, ते मात्र जेवणासोबतही एकत्र नको.

राहिला लपवण्याचा प्रश्न. पहाटे तुम्ही सगळ्यांच्या आधी उठत असालच, ती वेळ बघा. किंवा मिस्टरांच्या डब्याची तयारी करताना. डबीतल्या आठवड्याच्या गोळ्या दुसऱ्या एखाद्या औषधाच्या कोरड्या, घट्ट झाकणाच्या डबीत ठेवणाऱ्या कितीतरी बायका मला माहीत आहेत. तेवढं फक्त मुलांच्या हाताला लागू देऊ नका.

वेळ बदलून दोन-तीन आठवडे झाले तरी झोप नाही, तर दोष एकट्या गोळीचा नसावा. इतकी वर्षं रात्री सगळ्यांच्या झोपण्याची वाट बघत, कान टवकारून जागं राहायची अंगाला सवय लागलेली असते. मग उठायची वेळ रोज एकच ठेवा, कितीही उशिरा झोप लागली तरी. दुपारची झोप तेवढे दिवस बंद. वीसेक मिनिटं तळमळत पडलात तर उठून बसा. पुस्तकांत ‘दुसऱ्या खोलीत जा’ असं लिहितात. एका खोलीत पाच माणसं झोपणाऱ्या घरात हा सल्ला द्यायची मला लाज वाटते. भिंतीला टेकून बसा, डोळे जड झाले की आडव्या व्हा. आणि काहीही झालं तरी झोपेसाठी म्हणून गोळी सोडू नका.

माझ्या गोळ्या २००६ पासून चालू आहेत. वय ५४. रात्री तळपायांची आग होते, मुंग्या येतात, पांघरूण लागलेलंही सोसत नाही. दोन वर्षांपासून शुगरही आहे.

म्हणजे मोफत एआरटी १ एप्रिल २००४ ला सुरू झाली, त्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांतले तुम्ही पेशंट. त्या काळातल्या स्टॅवुडिननं हजारो जीव वाचवले आणि बऱ्याच जणांच्या पायांच्या नसा कायमच्या दुखावल्या. २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं ते वापरातून काढायला सांगितलं. औषध गेलं, आग राहिली. विषाणूही नसांना इजा करतो. त्यात आता शुगर.

तेव्हा ‘जुन्या गोळीचा त्रास आहे’ म्हणून सोडून देऊ नका. तीन महिन्यांची शुगर आणि बी-१२ तपासून घ्या. शुगरसाठी मेटफॉर्मिन घेत असाल, तर वर्षानुवर्षं घेतल्यानं बी-१२ कमी होऊ शकतं. शिवाय डोलुटेग्रावीरबरोबर मेटफॉर्मिनचं रक्तातलं प्रमाण वाढतं, म्हणून ते बहुधा दिवसाला १००० मिलिग्रॅमच्या आत ठेवतात. शुगरच्या डॉक्टरांना एआरटीबद्दल सांगितलं नसेल तर या एका कारणासाठी तरी सांगा. टीबी होऊ नये म्हणून आयसोनियाझिड चालू असेल, तर सोबतची बी-६ ची गोळी चुकवू नका. मग नसांच्या दुखण्यावरची औषधं आहेत, त्यांतल्या काहींनी झोपही लागते. ती डॉक्टरांनीच ठरवायची. पाय गरम पाण्यात बुडवून बसू नका. बधिर पायांना चटका कळत नाही, फोड आल्यावर समजतं.

महिनाभर रात्री घामानं बनियन भिजतं, उठून बदलावं लागतं. झोपमोड होते. उकाड्यानं असेल का? वजन तीन किलो उतरलंय. वय ३१, पुणे.

उद्या सकाळी सेंटरवर जा, तारखेची वाट बघू नका. खोकला, ताप, वजन उतरणं, रात्री घाम हे चार प्रश्न तुम्हाला दर वेळी विचारतात ना, त्यांतल्या दोनांना तुमचं उत्तर ‘हो’ आहे. टीबीची तपासणी व्हायलाच हवी. टीबी निघालाच तर बरा होतो. रिफाम्पिसिन असलेलं औषध सुरू झालं, तर डोलुटेग्रावीरची आणखी एक गोळी बारा तासांनी द्यावी लागते. तेव्हा वेळा सकाळी सात आणि संध्याकाळी सात अशा मागून घ्या. दहा आणि दहा अशा घेतल्यात तर दुसरी गोळी नेमकी झोपेच्या तोंडावर येते.

झोपेसाठी मेडिकलवाला चिठ्ठीशिवाय अल्प्राझोलाम देतो. एक घेत होतो, आता दोन लागतात. नाहीतर मग क्वार्टर. मला दुसऱ्या लाइनच्या गोळ्या आहेत.

तुमच्या दुसऱ्या लाइनमध्ये, म्हणजे पहिली औषधं चालेनाशी झाल्यावर देतात त्या गोळ्यांमध्ये, बहुधा रिटोनाविर आहे. ते यकृतातली औषधं मोडणारी यंत्रणा मंदावतं, त्यामुळे अल्प्राझोलाम अंगात जास्त वेळ आणि जास्त प्रमाणात राहतं. त्यावर दारू पडली तर श्वास मंदावण्याचा धोका आहे. दोन्ही एकाच रात्री घेणं आजपासून बंद. झोपेची गोळी मात्र एकदम तोडू नका. सवय लागलेल्या माणसाला एकदम सोडल्यावर थरथर होते, कधी झटकेही येतात. रोज पिणाऱ्याची दारू एकदम सुटली तरी तसंच होतं. मानसोपचार तज्ज्ञ दोन्ही हळूहळू उतरवून देतात. जिल्हा रुग्णालयात ते असतात, आणि त्यांना एआरटीच्या गोळ्यांची नावं दाखवायची. क्वार्टरनं झोप येते, पण पहाटे तीनला ती मोडते, हे तुम्हाला माझ्याइतकंच माहीत आहे. मेडिकलवाल्याबद्दल काय बोलू? अल्प्राझोलाम चिठ्ठीशिवाय द्यायचंच नसतं.

मिस्टर रिक्षा चालवतात. गोळी बदलल्यापासून वजन ११ किलो वाढलं. घोरणं इतकं की शेजारी हसतात. मध्येच श्वास थांबतो, मग दचकून उठतात. दिवसा स्टँडवर पेंगतात. ते म्हणतात, झोप तर भरपूर लागते.

ताई, श्वास थांबतो हे तुम्ही पाहिलंत, ते त्यांना कधीच दिसणार नाही. झोपेत घसा बंद होऊन श्वास अडकण्याचा हा आजार असावा. रात्र सगळी अंथरुणात जाते, पण मेंदूला विश्रांती मिळत नाही. डोलुटेग्रावीरवर काहींचं वजन वाढतं हे खरं आहे, त्यासाठी गोळी मात्र बंद करायची नाही. कान-नाक-घशाच्या किंवा छातीच्या डॉक्टरांकडे जा, रात्रीची झोपेची तपासणी सांगतील. बीपीही बघून घ्या, या आजारात ते चढतं. झोपताना श्वासाचा मास्क लावायची वेळ आली तर ते कुरकुर करतील, करू द्या. तोवर कुशीवर झोपवा, रात्री दारू नको, आणि पेंग आली की रिक्षा बाजूला लावायची. भाडं बुडालं तरी चालेल.

सिक्युरिटीत आहे. एक आठवडा रात्री आठ ते सकाळी आठ, एक आठवडा दिवसा. टीएलडी झोपण्याआधी घेऊ की उठल्यावर?

तुमच्या झोपेचा हिशेब सोडा, घड्याळ धरा. दोन्ही पाळ्यांत जागे असाल अशी एक वेळ निवडा. मी संध्याकाळी सात म्हणेन. रात्रपाळीत ती तुमची सकाळ असते, दिवसपाळीत झोपेला अजून तीन-साडेतीन तास असतात. दिवसपाळीच्या आठवड्यात सातला तुम्ही गेटवरच असाल, म्हणून एक गोळी डब्याच्या पिशवीत ठेवा. रात्रपाळीत पहाटे तीननंतर चहा बंद. सुटल्यावर टपरीवर थांबून जे कटिंग घेता, ते दुपारी उठल्यावर घ्या, आणि खिडकीला जाड चादर लावून झोपा.