हेलिओस घेतलीत, आता आधी एवढंच करा

फुलांचे जवळून फोटो काढायला हेलिओस ४४-२ ही जुनी सोव्हिएत लेन्स सुरुवातीला उत्तम. अभिनंदन! ५८ मिमी, एफ/२ (म्हणजे लेन्सचं छिद्र पूर्ण उघडं; आकडा वाढला की छिद्र लहान), एम४२ या जुन्या प्रकारच्या आट्यांची. मिररलेस (आत आरसा नसलेल्या) कॅमेऱ्यावर साध्या, बिनकाचेच्या अडॅप्टरने, म्हणजे जोडकड्याने बसते. मेनूमध्ये 'लेन्स नसताना शटर चालू द्या' हा पर्याय सुरू करा. तो बंद असला की शटर पडतच नाही, आणि नवखे लोक लेन्सलाच दोष देतात.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे प्रत्येक फोटो एफ/२ वर काढणं. ही लेन्स अर्ध्या मीटरपर्यंत जवळ जाते. तेवढ्या अंतरावर एफ/२ ला पुढून मागे एक सेंटीमीटरही भाग नीट धारदार येत नाही. जास्वंदीचे पुंकेसर स्पष्ट आले तर पाकळ्या धूसर होतात. एफ/५.६ वर हा धारदार पट्टा दीड सेंटीमीटरच्या आसपास जातो. आधी तिथेच हात बसवा. मागची धूसर पानं गोल गरगरल्यासारखी दिसतात ती या लेन्सची प्रसिद्ध नक्षी नंतर आहेच.

बाकी थोडक्यात:
- फोकस रिंग एकदा जवळच्या टोकाला ठेवा आणि स्वतः हळूहळू पुढे-मागे झुका. स्क्रीनवर मोठं करून बघा.
- वारा असेल तर शटर १/५०० च्या खाली नको.
- सूर्य समोर घेऊ नका, काचेवरच्या जुन्या कोटिंगमुळे (लेपामुळे) फोटो फिका पडतो. सकाळची तिरपी उन्हं घ्या.
- पावसाळ्यात लेन्स सिलिका जेलसोबत बंद डब्यात ठेवा. बुरशी लागली की काच कायमची खराब होऊ शकते.

एक्स्टेंशन ट्यूबचा (आणखी जवळ जाण्यासाठी लेन्स आणि कॅमेऱ्यामध्ये बसवायच्या पोकळ नळीचा) विचार सध्या नको. महिनाभर एकच कुंडी निवडा, तुळशीची मंजिरी छान विषय आहे.