दोन निवडुंग, दोन घराणी

प्रिय बेटा,

लळिंगच्या उतारावरचे फोटो पाहिले. त्रिधारी आणि फड्या हे दोन्ही निवडुंग तू एकाच कुळात टाकलेस. ते आधी खोडून टाक.

दिसण्यावर जाऊ नकोस, जवळ जाऊन बघ. त्रिधारीला नख लावलं की पांढराशुभ्र चीक येतो (तोच हात डोळ्याला लावू नकोस, डोळा जायची भीती असते). फड्या कापला तर नुसतं चिकट पाणी. त्रिधारीचे काटे जोडीजोडीनं; फड्याचे लवदार ठिपक्यातून झुबक्यानं, आणि सोबत ती छळणारी बारीक कुसं. फुलांत तर काहीच जुळत नाही. फड्याचं फूल मोठं, भरपूर पाकळ्यांचं. त्रिधारीत जे एक फूल वाटतं तो इवलासा पेला असतो: आत एकेका पुंकेसराची नरफुलं आणि मधोमध एकच मादीफूल. भिंगाशिवाय हे दिसायचं नाही.

त्रिधारी हा बांधावरच्या एरंडाचा भाऊबंद. फड्या मूळचा अमेरिकेतला, माणसानं इकडे आणलेला. त्याची सोयरीक घोळाच्या भाजीशी. दोन्ही घराण्यांच्या वाटा फुटून 10 कोटींहून जास्त वर्षं झाली. तरी दोन्हीकडे पानं नावापुरती उरली, खोड हिरवं आणि गरदार झालं, पर्णरंध्रं (हवा आत-बाहेर जाण्याची बारीक छिद्रं) रात्री उघडू लागली. एकानं दुसऱ्याचं काही घेतलेलं नाही.

'पाणी वाचवायला झाडानं पानं टाकली' हे तुझं वाक्य मात्र मला खटकलं. झाड कुठलं ठरवतंय! कोरड्या मुलखात ज्या रोपाची पानं जरा लहान, त्याचं पाणी कमी उडालं. ते बी धरेपर्यंत तगलं आणि तोच गुण पुढच्या रोपांत उतरला. असं असंख्य पिढ्या चाललं. ऊन दोन्हीकडे सारखंच निर्दयी, म्हणून निवडही सारख्याच अंगाची झाली.

चुकलास म्हणून खट्टू होऊ नकोस. ससाण्याला जाणकारांनीही वर्षानुवर्षं गरुडाच्या पंगतीला बसवलं होतं. जनुकं तपासली तेव्हा तो पोपटाच्या जवळचा निघाला.

पुढच्या खेपेला फुलासकट नमुना आण. खोड उभं चिरून गर काढ आणि मगच दाबायला ठेव, नाहीतर कागदातच सडेल. शेराच्या झाडाची एक फांदीही घे. तिला काटे नाहीत, पण चीक आहे. तिला कुठल्या घराण्यात बसवतोस ते कारणासकट कळव.

तुझा,
सर