दिवाळीच्या आत खरा आकडा सांग

बाळा,

परवा रविवारी तू घरी येऊन गेलास तेव्हापासून डोक्यातून जात नाहीस. चहा पिताना तुझा फोन तीनदा वाजला अन् तिन्ही वेळा तू तो उलटा करून ठेवलास, काकूनं वाढलं तर दोनच पोळ्या खाल्ल्यास अन् वर म्हणलास भूकच नसते आजकाल. मग जाताना चपला घालता घालता हळूच विचारलंस, काका वीस तारखेलाच पैसे संपायलेत, एका अॅपवरून पाच हजार उचलू का, का संध्याकाळची मेस बंद करू. मी त्यावेळी नुसतं "बघू" म्हणलो. ते चुकलंच माझं, म्हणून आता लिहायलोय.

दोन्ही करू नको. आबांना तुझ्या वर्षाच्या खर्चाचा खरा आकडा सांग.

तू म्हणशील आबांची परिस्थिती तुम्हाला माहितीये. माहितीये रे, तुझ्या आबांसोबत मी एका बाकावर बसलेलो आहे. म्हणूनच सांगतो. आपल्या घरात महिन्याला पगार येत नसतो. सोयाबीन निघालं की दिवाळीच्या आसपास पैसा येतो, मग कापूस, मग तूर, अन् उन्हाळ्यात घर कोरडं. तुझी फी, रूमचं डिपॉझिट, मेसचा अॅडव्हान्स हे सगळं नेमकं जून-जुलैत लागतं, जेव्हा बापाला बी-बियाणं अन् खत घ्यायचं असतं. दोन्ही खर्च एकाच महिन्यात येतात अन् तेव्हाच आपला बाप कुणापुढं तरी हात पसरतो. ते टाळायचं तर आकडा दिवाळीच्या आत घरी कळला पाहिजे, मोंढ्यातून, म्हणजे धान्याच्या बाजारातून, पैसा आला त्याच आठवड्यात, कारण तेवढे आठ-दहा दिवसच बाजूला काढायला काहीतरी असतं. नंतर सांगितलं तर उपयोग नाही.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. 1996 ला मी औरंगाबादला बेगमपुऱ्यात कॉट बेसिसवर राहायचो, खोलीत चौघं. घरी मनीऑर्डर मागताना लाज वाटायची म्हणून पत्रात लिहायचो, पुरतंय, काळजी करू नका. पुरत नव्हतं. मग नोव्हेंबरपासून संध्याकाळची मेस बंद केली, गाड्यावर काहीतरी खायचं अन् तिथलंच पाणी प्यायचं. महिन्याला दीडशे रुपये वाचायचे, मला लई मोठं काम केल्यासारखं वाटायचं. फेब्रुवारीत कावीळ झाली. डॉक्टर म्हणले पाण्यातून झाली.

माझे वडील, अण्णा, सेलूहून आले. कॉटच्या कडेवर बसले, धोतराच्या सोग्यातली रुमालाची गाठ सोडली अन् वीस-वीसच्या नोटा थुंकी लावून मोजायला लागले. रुमालात आडतीची पट्टी होती, तुरीच्या विक्रीच्या हिशोबाची, जानेवारीतली. पट्टीच्या मागं पेन्सिलीनं लिहिलेलं, 4000, शेकडा चार, म्हणजे महिन्याला शंभरावर चार रुपये व्याज. तूर विकून देणी फेडली होती, हातात काही राहिलं नव्हतं, म्हणून त्याच आडत्याकडून उचलले. मला एवढंच म्हणले, "तवाच सांगितलं असतंस तर तुरीतलेच ठिवले असते की." आवाज चढला नाही त्यांचा. चढला असता तर बरं झालं असतं.

मी महिन्याला दीडशे वाचवले अन् बापानं महिन्याला एकशे साठ व्याज भरलं, दहा महिने, पुढची तूर येईपर्यंत. हे मी अजून विसरलो नाही अन् तुला विसरू देणार नाही.

आता तुझं ते अॅप. पाच हजार मंजूर म्हणून दाखवतंय, फी कापून हातात चार हजार चारशे अन् महिन्यानं पूर्ण पाच हजार परत, असंच दाखवलंस ना? म्हणजे चार हजार चारशेवर सहाशे, शेकडा साडेतेरा झाले की रे. गावात शेकडा पाच घेणाऱ्याला आपण रक्त पिणारा म्हणतो. रिझर्व्ह बँकेनं 2022 लाच नियम काढलेत, सगळी फी धरून वर्षाचं व्याज किती ते आधी लेखी दाखवायचं अन् अॅपनं फोनमधले कॉन्टॅक्ट बघायचे नाहीत. तुझ्या अॅपनं कॉन्टॅक्टची परवानगी मागितली का नाही? मागितली. मग काढून टाक ते, आजच.

बाकी वाचवायच्या गोष्टी तुला माहितीच आहेत. गावी जाताना मेसवाल्या मावशीला आदल्या दिवशी सांगून खाडा धरून घे, पुस्तकं औरंगपुऱ्यात जुनी मिळतात, कमवा अन् शिका मध्ये नाव दे. स्कॉलरशिपचे पैसे खात्यात पडेपर्यंत हिशोबातच धरू नको, ते कधी पडतील त्याचा नेम नसतो. एक बिनबॅलन्सचं बेसिक खातं उघड, कुठल्याही बँकेला ते द्यावंच लागतं. त्याला यूपीआय जोडू नको. दिवाळीत घरून जूनसाठी जे मिळेल ते त्यात टाक. पोस्टात शंभर रुपयांपासून आरडी होते पण ती पाच वर्षांची, तुझ्या कामाची नाही आत्ता. पण जेवणातून एक रुपया वाचवायचा नाही. एकसुद्धा नाही.

आमच्या घरी मला सगळे हिशोब्या म्हणतात. दरवर्षी दसरा झाला की मी पोरीकडून पुढच्या वर्षाचा आकडा मागतो, ती चिडते, पप्पा आत्ताच कसं सांगू म्हणते. भाऊ म्हणतो घरातल्या गोष्टी असं कागदावर मांडणं बरं दिसत नाही. दिसू दे. त्यानं तो रुमाल सुटताना बघितलेला नाही, मी बघितलाय. मी कडक असेल पण माझ्या पोरीला मेस बंद करायची वेळ आली नाही अन् मला कुणाकडं जावं लागलं नाही, हे मी कुणापुढंही सांगेन.

अन् तुला वाटत असेल आबांना वाईट वाटेल. वाटेल की! पण मुलगा खोटं बोलून उपाशी राहिला हे नंतर कळल्यावर जे वाटतं ते मी बघितलंय.

तर आज रात्री वहीत लिहून काढ, आत्तापासून पुढच्या जुलैपर्यंत, भाडं, मेस, फी, झेरॉक्स, एसटीचं भाडं, दोस्तांची उधारी असेल तर तीही, लपवू नको. रविवारी वही घेऊन ये, आपण बसून बघू. तोवर वीस तारखेनंतरचं जेवण आमच्याकडं, काकूनं सांगितलंय. तुझ्या मायला पण बोलव एकदा, 2023 पासून बायकांना एसटीला अर्धंच तिकीट आहे, तिला तुझी खोली बघू दे.

अन् आबांना संध्याकाळी फोन लावू नको, त्या वेळेला ते लाईटच्या नादात मोटरीवर असतात. दुपारी लाव, जेवून लिंबाखाली बसलेले असतात तेव्हा. मळणी चालू आहे, सोयाबीन अजून मोंढ्यात गेलेलं नाही.

तुझा काका